पंडिता रमाबाई कोणाच्या?

पहुराकडील एका भगिनीनें आम्हांस एक प्रश्न विचारला आहे, आणि तो बाजूस सारून पुढें जाण्याजोगा नाहीं. तिचें म्हणणें असें कीं, मंडळींत स्त्रियांची सभा भरली म्हणजे पंडिता रमाबाईंचें नांव हटकून निघतें. परंतु रमाबाई पडल्या चित्पावन ब्राह्मणाच्या कन्या, संस्कृतांत पारंगत, विलायत व अमेरिका पाहून आलेल्या. त्यांनीं पुस्तक लिहिलें तें उच्च वर्णाच्या स्त्रियांच्या दुःखांवर, व शाळा काढली ती मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठीं. मग कापूस वेंचणाऱ्या, दुसऱ्याच्या शेतांत निंदणी करणाऱ्या आणि रात्रीं दिव्याजवळ बसून एकेक अक्षर लावीत शास्त्र वाचणाऱ्या बायांस त्यांचें काय? त्यांचें चरित्र ऐकावें, धन्य म्हणावें व घरीं जावें, एवढेंच ना?

प्रश्न रास्त आहे. उपदेशक बंधूंनीं त्याचा राग मानूं नये. आम्हीं रमाबाईंचें चरित्र ह्या प्रश्नाकडे लक्ष ठेवून पुन्हां वाचून पाहिलें, आणि त्यांत जें आढळलें तें येथें मांडीत आहों.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील माळहेरंजी गांवचे. तरुणपणीं ते विद्येसाठीं पुण्यास आले. त्यांचे गुरु रामचंद्रशास्त्री हे पेशव्यांच्या वाड्यांत जाऊन राणीसाहेबांस संस्कृत शिकवीत असत. स्त्रीच्या मुखांतून शुद्ध संस्कृत श्लोक निघतांना त्या तरुण विद्यार्थ्यानें ऐकले, आणि आपणहि आपल्या पत्नीस शिकवावयाचें असें त्याच्या मनानें घेतलें. पहिल्या पत्नीच्या बाबतींत घरच्या वडीलधाऱ्यांच्या विरोधामुळें तें जमलें नाहीं. ती वारल्यानंतर पुष्कळ वर्षांनीं, तीर्थयात्रेंत असतां, गोदावरीच्या कांठीं एका यात्रेकरू ब्राह्मणाची व त्यांची गांठ पडली. बोलतां बोलतां त्या ब्राह्मणानें आपली नऊ वर्षांची मुलगी ह्या चाळिशी उलटलेल्या शास्त्रीबुवांस देऊं केली, आणि दुसऱ्या दिवशीं लग्न लागलें. ती मुलगी म्हणजे लक्ष्मीबाई, रमाबाईंची आई. मुलगी चांगल्या माणसाच्या हातीं पडली हें तिचें दैव. अशा रीतीनें दिलेल्या बहुतेक मुलींचें दैव तसें नसतें, हें रमाबाईंनीं पुढें आपल्या इंग्रजी पुस्तकांत स्पष्टपणें दाखविलें आहे.

अनंतशास्त्र्यांनीं लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविलें. त्यावर गिल्ला झाला, विद्वानांच्या सभेपुढें त्यांस जाब द्यावा लागला, आणि स्त्रियांस विद्या देण्यास शास्त्राचा अडथळा नाहीं हें त्यांनीं ग्रंथांच्या आधारानें सांगितलें. तथापि वेद मात्र स्त्रियांस शिकवावयाचे नाहींत, एवढी मर्यादा त्यांनींहि राखिली होती. लोकांच्या त्रासास कंटाळून ते सह्याद्रीच्या माथ्यावर गंगामूळ नांवाच्या अरण्यांत राहावयास गेले. तेथें २३ एप्रिल १८५८ रोजीं रमाबाईंचा जन्म झाला. मूल सहा महिन्यांचें झालें नाहीं तोंच घर मोडलें. पाहुण्यांच्या व विद्यार्थ्यांच्या खर्चानें होतें नव्हतें तें संपलें होतें. वेताच्या करंड्यांत घालून, एका मजुराच्या डोक्यावर, ती मुलगी डोंगर उतरली. पुढें सोळा वर्षें ह्या कुटुंबास घर असें नव्हतें.

देवळाच्या ओसरीवर बसून पुराण सांगावें, लोक जें धान्य, पैसा, फळें ठेवतील त्यांतून आपला निर्वाह करावा व उरलेलें दानधर्मांत घालावें, असा त्यांचा क्रम होता. रमेस विद्या दिली ती आईनें. पहाटे पाखरें बोलावयास लागण्यापूर्वीं लक्ष्मीबाई मुलीस जवळ घेऊन जागी करीत व पाठ सांगत. बारा वर्षांच्या वयांत भागवताचे अठरा हजार श्लोक रमेच्या मुखोद्गत होते. वाचकांनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. ही विद्या मोठी होती, परंतु ऐकणाऱ्यांपैकीं पुष्कळांस तिचा अर्थ कळत नसे, व तो कळावा अशी अपेक्षाहि नसे. पुण्य लागावें म्हणून लोक ऐकत.

आतां आम्ही त्या भागाकडे येतों जो ह्या चरित्रांत आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यांत दुष्काळास आरंभ झाला. लोकांसच खावयास नाहीं तेथें पुराणिकाच्या ताटांत कोण काय टाकणार? शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते, दृष्टि गेली होती. मुलगा श्रीनिवास विद्वान, पण अंगमेहनतीचें काम त्यानें केव्हांहि केलें नव्हतें, आणि ब्राह्मणानें मजुरी करणें म्हणजे कुळास बट्टा अशी समजूत. भीक मागण्याचीहि लाज. देव प्रसन्न होऊन द्रव्य देईल ह्या आशेनें त्यांनीं व्रतें केलीं, मूर्तींपुढें अनुष्ठानें केलीं, उरलासुरला पैसा ब्राह्मणांस वांटला. दागिने गेले, चांगलीं वस्त्रें गेलीं, तांब्यापितळेचीं भांडीं गेलीं. शेवटची मूठभर तांदुळांची पुरचुंडी संपली. तेव्हां तिरुपतीच्या बाजूस अरण्यांत शिरून ह्या कुटुंबानें अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडपाला व रानचीं खजुरें ह्यांवर काढिल्या. अखेरीस वडिलांनीं जलसमाधि घेण्याचें ठरविलें. सर्वांत धाकटी म्हणून रमेस त्यांनीं पोटाशीं धरलें, ईश्वरास सोडूं नको असें सांगितलें व निरोप घेतला. त्याच वेळीं श्रीनिवासानें पुढें होऊन सांगितलें कीं, मी कुळाचा अभिमान सोडून मजुरी करतों, पण तुम्ही मरूं नका. वडील पाण्यांत बुडून मेले नाहींत. ताप येऊन थोड्याच दिवसांत गेले.

आई त्यांच्या मागोमाग गेली. रायचूर येथें ती अंथरुणास खिळली असतां तिनें खावयास मागितलें. घरांत कण नव्हता. रमा शेजारच्या एका ब्राह्मण बाईच्या दारांत जाऊन उभी राहिली; परंतु ज्या जिभेवर अठरा हजार श्लोक होते तिला भाकरीचा एक तुकडा मागण्याचे शब्द सुचेनात. बाई समजली. तिनें बाजरीच्या भाकरीचा तुकडा आणून हातावर ठेवला. तो घेऊन मुलगी घरीं धांवली, तों आईस घांस गिळण्याची शुद्धि राहिली नव्हती. श्मशान तीन मैलांवर होतें. परक्या गांवीं खांदा द्यावयास माणसें मिळेनात. दोघे ब्राह्मण कसेबसे आले, तिसरा भाऊ, आणि चौथी स्वतः रमा. ती उंचीनें लहान, म्हणून तिरडी खांद्यावर येईना. तिनें आपला कोपरा डोक्यावर घेतला. पुढें थोड्या महिन्यांत थोरली बहीण कृष्णाबाई पटकीनें गेली.

हें आम्हीं विस्तारानें सांगितलें, कारण रमाबाईंचें नांव घेतांना लोक त्यांच्या पदव्यांपासून आरंभ करितात. पदव्या मागाहून आल्या. आधीं उपास आला.

भाऊ व बहीण पायीं उत्तरेकडे चालूं लागलीं. हजारों मैल चाललीं. पायांत जोडा नाहीं, अंगावर पुरेसें पांघरूण नाहीं. पंजाबांत झेलम नदीच्या कांठीं थंडी सोसेना, तेव्हां वाळूंत थडग्यासारखे खड्डे खणून, आंत निजून, अंगावर सुकी वाळू ओढून घेऊन त्यांनीं रात्री काढिल्या. देवदर्शनें घडलीं, परंतु वडिलांनीं जें मिळेल म्हणून सांगितलें होतें तें कोठेंहि मिळालें नाहीं, आणि दोघांचाहि जुन्या मार्गावरचा विश्वास हळूहळू उडाला. १८७८ सालीं तीं कलकत्त्यास पोहोंचलीं. वीस वर्षांची ही मुलगी संस्कृतांत बोलते, वाद करिते, श्लोक रचिते, हें पाहून तेथील पंडित थक्क झाले, व त्यांनीं तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. ब्राह्मसमाजाचे पुढारी केशवचंद्र सेन ह्यांनीं तिच्या हातीं वेदाची प्रत दिली. वडिलांनींहि न उघडलेलें दार तें.

१८८० सालीं भाऊ गेला. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. ते ब्राह्मण नव्हते. ह्या विवाहानें त्यांची जात सुटली ती कायमची, आणि त्याबद्दल त्यांनीं कधीं पश्चात्ताप केल्याचें दिसत नाहीं. सिलचर येथील घरांत त्यांस लूकाच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सांपडली. पतीस त्यांचें हें वाचन फारसें रुचत नसे. १६ एप्रिल १८८१ रोजीं मनोरमा जन्मली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं पटकीनें पति वारले. चोविसाव्या वर्षाच्या आंत रमाबाईंस आई, बाप, भाऊ, बहीण व पति ह्यांपैकीं कोणीहि उरलें नाहीं.

त्या तान्ह्या मुलीस घेऊन पुण्यास आल्या. महादेव गोविंद रानडे व त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे ह्यांनीं त्यांस साह्य केलें. १८८२ सालींच आर्य महिला समाज स्थापन झाला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक निघालें, आणि हंटरसाहेबांच्या शिक्षण कमिशनापुढें त्यांची साक्ष झाली. ती साक्ष त्यांनीं मराठींत दिली. मुलींसाठीं स्त्रीशिक्षिका पाहिजेत व आजारी बायकांसाठीं स्त्रीडॉक्टर पाहिजेत, असें त्यांनीं निक्षून सांगितलें. हंटरसाहेबांवर त्याचा इतका परिणाम झाला कीं, त्यांनीं तिचें इंग्रजींत भाषांतर करविलें.

१८८३ सालीं वैद्यकी शिकण्याच्या हेतूनें त्या इंग्लंडास गेल्या व वांटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठांत राहिल्या. कानांनीं कमी ऐकूं येत असल्यामुळें वैद्यकीचा विचार सोडावा लागला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत ह्यांनीं तेथें आत्महत्या केली, आणि त्या धक्क्यानें रमाबाई पार खचल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं त्यांनीं व लहानग्या मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला. पुढें चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयांत त्या स्वतः शिकत व संस्कृत शिकवीत.

बाप्तिस्मा घेतला म्हणून वाद संपले असें कोणीं समजूं नये. वांटेजच्या सिस्टर जेराल्डिन ह्यांस रमाबाईंनीं गुरुस्थानीं मानलें होतें, आणि त्यांच्याशींच त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. तीं पत्रें सिस्टर जेराल्डिन ह्यांनीं जपून ठेविलीं, व १९७७ सालीं छापून प्रसिद्ध झालीं. त्यांत रमाबाई खालीं मान घालून ऐकणाऱ्या शिष्येसारख्या दिसत नाहींत. ख्रिस्तावर माझी श्रद्धा आहे, परंतु तुमच्या चर्चचें प्रत्येक मत शास्त्रांत दाखविल्यावांचून मी मान्य करणार नाहीं, असा त्यांचा बाणा. पुरुष विद्यार्थ्यांस त्यांनीं शिकवूं नये असा बिशपांचा सल्ला आला, तेव्हां आपल्या देशांत आपण पुरुषांच्या भरसभेंत व्याख्यानें दिलीं आहेत, त्यांत कांहीं कमीपणा आला नाहीं, असें त्यांनीं कळविलें. आणखी एक बारीकशी गोष्ट आहे, पण आम्हांस ती फार बोलकी वाटते. भगिनींच्या क्रूसावर लॅटिन अक्षरें होतीं. रमाबाईंचें म्हणणें पडलें कीं, अक्षरें असावयाचींच तर संस्कृत असावीं. लॅटिन ही माझ्या लोकांची भाषा नव्हे. सिस्टर जेराल्डिन ह्यांस ह्यांत गर्व दिसला. आमच्या मतें तो गर्व नव्हता. पण संस्कृत तरी आपल्या किती लोकांस कळतें, हा प्रश्न रमाबाईंस त्या वेळीं पडला नव्हता, हेंहि तितकेंच खरें.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी ह्या फिलाडेल्फियास डॉक्टर होणार होत्या. त्यांचा पदवीदान समारंभ पाहण्यासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या. तो समारंभ ११ मार्च रोजीं झाला. थोड्या दिवसांकरितां गेलेल्या रमाबाई तेथें जवळजवळ तीन वर्षें राहिल्या. बालोद्यान पद्धतीचें शिक्षण घेतलें, गांवोगांव व्याख्यानें दिलीं, व १८८७ सालीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. तें त्यांनीं आईच्या स्मृतीस अर्पण केलें आहे. त्याच्या हजारों प्रती खपल्या. बोस्टन येथें रमाबाई असोसिएशन ही मंडळी निघाली व तिनें दहा वर्षें खर्च चालविण्याचें वचन दिलें. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाच्याच तारखेस, मुंबईस चौपाटीजवळ शारदासदन उघडलें. आनंदीबाई मात्र तें पाहण्यास नव्हत्या. त्या १८८७ च्या फेब्रुवारींत पुण्यास क्षयानें निवर्तल्या होत्या. सदनांत आलेल्या पहिल्या विधवांपैकीं एक गोदूबाई जोशी. त्यांनीं पुढें धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं पुनर्विवाह केला. १८९० सालीं सदन पुण्यास आलें.

आमच्या पहूरकडील भगिनीचा आक्षेप इथपर्यंत खरा ठरतो, आणि तो आम्ही झांकून ठेवीत नाहीं. शारदासदन हें उच्च वर्णांच्या विधवांसाठीं होतें. तेथें सोंवळेंओंवळें पाळण्याची सोय होती, ज्यांस जात राखावयाची त्यांच्यासाठीं स्वयंपाक वेगळा होता. धर्मोपदेश करावयाचा नाहीं असा नियम होता, आणि त्यापायीं कित्येक मिशनरी रमाबाईंवर रुष्ट होते. पुण्याचे सुधारक त्यामुळेंच साह्य करीत होते. परंतु रमाबाई आपल्या खोलींत प्रार्थना करीत तेव्हां दार उघडें असे, आणि कांहीं मुली येऊन बसूं लागल्या. १८९३ सालीं ह्यावरून मोठें वादळ उठलें. केसरीनें कडक टीका केली. रानडे, भांडारकर प्रभृति सल्लागार मंडळींनीं अंग काढून घेतलें. पंचवीसच्या आसपास मुली पालकांनीं घरीं नेल्या. ज्यांनीं मुली धाडल्या त्यांस आपला विश्वासघात झाला असें वाटलें तर त्यांत नवल नाहीं. रमाबाईंची बाजू अशी कीं, कोणासहि मीं बोलाविलें नाहीं व कोणासहि हांकलून देणार नाहीं. शाळा टिकली, मात्र लहान झाली.

मग १८९६ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतांतून बातम्या येऊं लागल्या कीं, रस्त्यांवर माणसें मरत आहेत, आणि बेवारशी पोरींस नको त्या घरीं नेऊन विकणारीं माणसें फिरत आहेत. रमाबाईंस स्वतःचा दुष्काळ आठवला. ह्याविषयीं त्यांनीं लिहिलें आहे, आणि तें वाचतांना दिसतें कीं प्रथम त्या कचरल्या. जवळ पैसा थोडा. अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षांची मुदत संपत आलेली. पन्नास विधवांस सांभाळणें वेगळें व शेंकडों उपाशी पोरी आणणें वेगळें. पण वीस वर्षांपूर्वींची रायचूरची ती भाकर त्यांस स्वस्थ बसूं देईना. त्या स्वतः मध्यप्रांतांत गेल्या. सरकारी अन्नछत्रें व अनाथगृहें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलीं. हाडें व कातडें उरलेलीं मुलें पाहिलीं. ज्यांच्या हातीं रक्षण दिलें होतें अशा कांहीं मुकादमांकडूनच तरुण मुलींची अब्रू कशी जाते तेंहि पाहिलें. त्यांनीं मुली गोळा केल्या व आगगाडीनें पाठविल्या. मध्यप्रांतांतून पुण्याकडे येणारी वाट भुसावळ, जळगांव, पाचोरें, चाळीसगांव अशी आपल्या खानदेशांतूनच येते.

ह्या मुलींत ब्राह्मण थोड्या. कुणब्यांच्या, मजुरांच्या, कोष्ट्यांच्या, आणि जिची जात सांगावयास मागें कोणीं उरलेलें नाहीं अशाहि. वेगळ्या चुलीचा प्रश्नच राहिला नाहीं. एक मोठी चूल, एक मोठें भांडें. पुण्यांत त्याच सुमारास प्लेग शिरला होता, आणि इतक्या आजारी मुली शहरांत ठेवण्यास अधिकारी राजी होईनात. पुण्यापासून सुमारें ३४ मैलांवर, दौंडकडील रेल्वेमार्गावर, केडगांव येथें रमाबाईंनीं शाळेस उत्पन्न व्हावें म्हणून सुमारें शंभर एकर जमीन घेऊन ठेविली होती, फळझाडें लावावयाचा विचार होता. त्या उघड्या माळावर ह्या मुलींस नेलें. तंबू व छप्परें उभीं केलीं, विहिरी खणल्या, अंगावरच्या उवा व खरूज ह्यांपासून उपचारास आरंभ केला. १८९७ सालीं तेथें सुमारें तीनशें मुली झाल्या. हें मुक्तिसदन. सर्वच जगल्या नाहींत. उपासानें आंतडीं सुकलेल्या पोरीस अन्न मिळालें तरी कित्येकदां पचत नसे.

त्याच वर्षीं पुण्याच्या प्लेगच्या सरकारी इस्पितळांत स्त्रियांची कशी विटंबना होते ह्याविषयीं त्यांनीं मुंबईच्या एका ख्रिस्ती इंग्रजी पत्रांत उघड लिहिलें. सरकारनें तें नाकारलें, त्यावरून पार्लमेंटांतहि बोलणें झालें. बाई सरकारास भ्याल्या नाहींत.

तीन वर्षांनीं संवत १९५६ चा, म्हणजे छप्पन्नाचा दुष्काळ गुजराथ, राजपुताना व आपल्या भागावर कोसळला. पुन्हां माणसें पाठविलीं, पुन्हां गाड्या भरून मुली आल्या. केडगांवच्या वस्तीची संख्या दोन हजारांच्या जवळ गेली. दोन हजार तोंडें, व नेमकें उत्पन्न कांहीं नाहीं. वाचकांपैकीं ज्यांनीं दहा माणसांचें घर चालविलें आहे त्यांस ह्याचा अर्थ समजेल. सकाळीं शाळा, मग काम. कोणी मागावर कापड विणीत, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी गाईम्हशींपाशीं, कोणी शेतांत, कोणी शिवणावर, कोणी धुण्यावर. वाट चुकलेल्या बायांसाठीं कृपासदन निघालें. मनोरमाबाई अमेरिकेंतून आंधळ्यांची उठावाची लिपि शिकून आल्या होत्या. त्यांनीं आंधळ्या मुलींसाठीं वर्ग काढला, व आंधळ्या मुली बोटांनीं वाचूं लागल्या आणि दुसऱ्यांस शिकवूं लागल्या. ज्या रमाबाईंच्या वडिलांस मजुरीचें काम म्हणजे मरणाहून वाईट वाटलें होतें, त्यांच्या सदनांत हातानें काम न करणारी मुलगी नव्हती.

आतां भाषेविषयीं. ही गोष्ट सभांमधून फार थोडी सांगितली जाते, व आमच्या भगिनीच्या प्रश्नाशीं तिचा संबंध सर्वांत जवळचा आहे.

केडगांवच्या मुली लिहूंवाचूं लागल्या. त्यांच्या हातीं मराठी शास्त्र दिलें, तेव्हां रमाबाईंच्या लक्षांत आलें कीं, त्यांतील पुष्कळ शब्द त्यांस कळत नाहींत. तें भाषांतर विद्वानांच्या साह्यानें झालेलें, संस्कृत शब्दांनीं भरलेलें. रमाबाईंस स्वतःस तें वाचण्यास कांहींच अडचण नव्हती. त्या संस्कृतांतच वाढलेल्या. अडचण शेतांतून आलेल्या पोरीस होती. शिवाय कित्येक संस्कृत शब्दांस जुन्या धर्माच्या कल्पना चिकटलेल्या असल्यामुळें अर्थ भलतीकडे जातो, असेंहि त्यांचें मत होतें. तेव्हां १९०५ च्या सुमारास, सत्तेचाळिसाव्या वर्षीं, त्यांनीं संपूर्ण पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत नवें भाषांतर करण्यास हात घातला. इंग्रजीवरून करावें हें त्यांस पटेना, म्हणून हिब्रू व ग्रीक ह्या मूळ भाषा अभ्यासिल्या. कान जवळजवळ गेले होते, सदनाचा व्याप वाढलेला होता, तरी सुमारें सतरा वर्षें हें काम चाललें. कलकत्त्याच्या पंडितांस थक्क करणारी स्त्री आतां टेबलाशीं बसून एकेक संस्कृत शब्द खोडीत होती, आणि त्याच्या जागीं बाजारांत, विहिरीवर, चुलीपाशीं बोलला जाणारा शब्द शोधीत होती.

भाषांतर निर्दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. मूळास फार चिकटून राहण्याच्या हट्टामुळें वाक्यें कित्येक ठिकाणीं अडखळतात, व मोठ्यानें वाचणाऱ्यास थांबावें लागतें. मंडळ्यांतून जुन्या भाषांतराची जागा त्यानें घेतली नाहीं. परंतु एका स्त्रीनें, मूळ भाषांवरून, न शिकलेल्या बायांस समजावें ह्या एकाच हेतूनें अवघें शास्त्र आपल्या बोलींत आणावें, ह्यास जोड आम्हांस तरी ठाऊक नाहीं.

१९१९ सालीं सरकारनें त्यांस कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलें. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. करंड्यांत बसून डोंगर उतरलेल्या ह्या बाईस वाटेंत भेटलेलें प्रत्येक जिवाचें माणूस तिच्या आधीं गेलें. त्या कामास बसल्या; शास्त्राच्या शेवटच्या भागाचीं मुद्रितें तपासावयाचीं राहिलीं होतीं. प्रकृति ढासळली, तेव्हां तेवढ्या कामापुरते दहा दिवस मिळावे अशी त्यांनीं प्रार्थना केली व दहाव्या दिवशीं शेवटचें पान तपासून झालें, असें केडगांवची मंडळी सांगत आली आहे. ५ एप्रिल १९२२ रोजीं पहाटे त्या झोपेंतच गेल्या.

अवघें शास्त्र १९२४ सालीं छापून बाहेर पडलें. छापखाना मुक्तिसदनाचाच होता, आणि खिळे जुळविणें, छापणें, पानें मोडणें व बांधणी हीं कामें सदनांतील बायका करीत. दुष्काळाच्या गाड्यांतून आलेल्या कित्येक मुलींचे हात त्या पानांवरून फिरले होते.